क्वालालंपूर : माळकरी वडिलांना मामक हॉटेलात काय खाता येईल?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मलेशियात राहणाऱ्या किंवा राहून आलेल्या कुणीतरी नीट उत्तर द्यावं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

धाकटा भाऊ तीन वर्षांपासून क्वालालंपूरला आहे. तो आणि वहिनी सकाळी साडेसातला बाहेर पडतात ते संध्याकाळी सातला घरी येतात. जूनच्या शेवटी मी आमच्या अण्णांना घेऊन तिकडे चालले आहे. व्हिसाशिवाय ३० दिवस राहता येतं, म्हणून २८ दिवसांचं तिकीट काढलंय.

अण्णा ७६ वर्षांचे. मिरज आगारात एसटीचे चालक होते, बत्तीस वर्षं. गळ्यात माळ आहे. मांस, मासे, अंडं काही नाही. कांदा-लसूण चालतो, एकादशीला नाही. थोडी साखर आहे, गोळी चालू आहे. आई गेल्या दिवाळीत गेली. तेव्हापासून घरात ताट वाढलं की दोन घास खाऊन उठतात. पण स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात सकाळी सहाला जाऊन बसले की तिथे चार माणसं भेटतात, पेपर होतो, आणि त्या नादात एखादी पुरीभाजी नाहीतर उप्पीट पोटात जातं. आजकाल तेच त्यांचं खरं जेवण.

भावाच्या इमारतीखाली, अगदी कोपऱ्यावर, एक मामक हॉटेल, म्हणजे तिकडचं चहा-रोटीचं हॉटेल, आहे. त्याने परवा व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं. तीन बाजूंनी उघडं, स्टीलची टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि एक माणूस हात डोक्याच्या वर नेऊन चहा ओततोय. अण्णा फोनमध्ये बघत राहिले आणि म्हणाले, "हे बरं आहे. मी इथं बसत जाईन." आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून काही हवं असं म्हटलेलं मला आठवत नाही. त्यामुळे मला हे जमवायचंच आहे.

भाऊ सगळं खातो, त्याला विचारलं तर म्हणतो, "रोटी असते ना." एवढ्यावर मी अण्णांना एकटं बसवणार नाही. नोकरीत असताना ते रस्त्यावरच्या कुठल्याही हॉटेलात बसून चपाती-दही-गूळ खात, तव्याची चौकशी करत नसत. आपल्या ताटात मांस-मासळी येऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. पण आपल्याकडे त्यांना भाषा येत होती. तिथे काय सांगायचं, काय मागवायचं, साखरेचं काय, आणि आषाढी तिथेच येतेय, तिचं काय? आणि म्हातारा माणूस एका चहावर दोन तास बसला तर उठवत नाहीत ना?

मेतकूट, भडंग, पोह्याचे पापड बरोबर घेणारच आहे, ते सांगू नका.

नाशिककर ७१

आम्ही पाच दिवसांच्या सहलीत जाऊन आलो. सहलवाल्यांनी रोज भारतीय शाकाहारी जेवण दिलं, त्यामुळे अडचण आली नाही. एकदा मॉलच्या खाण्याच्या मजल्यावर स्वतः प्रयत्न केला. भाजी म्हणून घेतलेल्या पालेभाजीत बारीक सुकी मासळी निघाली आणि सौ. दिवसभर काही खाऊ शकल्या नाहीत. वडिलांच्या बाबतीत असा धोका पत्करू नये असं मला मनापासून वाटतं. ब्रिकफील्ड्स भागात दाक्षिणात्य शाकाहारी हॉटेलं आहेत, इडली-डोसा-थाळी सगळं मिळतं. तिथेच न्या.

सुबांगकर

ताई, अण्णांना खालच्या हॉटेलात बसवाच.

मी क्वालालंपूरजवळच्या सुबांग जायामध्ये चौदा वर्षं राहतो, मूळचा इचलकरंजीचा. माझी आई मधूनमधून येऊन महिनाभर राहते, तीही शाकाहारी, आणि आमच्या गल्लीतल्या मामकमध्ये पंख्याखालचं टेबल तिचं ठरलेलं आहे. नाशिककरकाका सांगतात ते ब्रिकफील्ड्स चांगलंच आहे, के. एल. सेंट्रल स्टेशनच्या शेजारी, एखाद्या रविवारी सगळ्यांनी मिळून जाच. पण सकाळी सहाला चपला घालून जिना उतरलं की समोर हॉटेल, ही गोष्ट ब्रिकफील्ड्स देऊ शकत नाही. अण्णांनी मागितलंय ते हेच आहे.

'मामक' हा तमिळ 'मामा'वरून आलेला शब्द, नातं तेच आपलं. तमिळनाडूतून इकडे आलेल्या मुसलमान मंडळींची ही हॉटेलं. बरीचशी चोवीस तास उघडी असतात. डुकराचं मांस नाही, दारू नाही. गोमांस मात्र असतं. पहाटे रात्रपाळीवाले, सकाळी शाळेची मुलं, रात्री मोठ्या पडद्यावर फुटबॉल बघणारे. मलय, चिनी, तमिळ सगळे शेजारशेजारच्या टेबलांवर बसलेले दिसतात, आणि मला या देशात सगळ्यात जास्त जर काही आवडत असेल तर ते हे दृश्य. २०२४च्या डिसेंबरात युनेस्कोने मलेशियाच्या न्याहारीच्या संस्कृतीला वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात नासी लमाक, रोटी चनाय आणि तेह तारिक हे तिन्ही आहेत. पहिला पदार्थ अण्णांसाठी नाही. नारळाच्या दुधातला तो भात सुंदर लागतो, पण त्यावर सुकी मासळी आणि मासळीचीच तिखट चटणी असते. उरलेले दोन त्या कोपऱ्यावर मिळतील.

एक लक्षात ठेवा, तिथल्या माणसाला 'मामक' अशी हाक मारायची नाही, ते त्यांना लागतं. 'बॉस' म्हणा, किंवा सगळे म्हणतात तसं 'अण्णे'. तमिळमध्ये मोठ्या भावाला मारायची हाक.

आता खरा मुद्दा. 'व्हेजिटेरियन' या शब्दावर अजिबात विसंबू नका. मी २०११ मध्ये आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुणीतरी शिकवलेलं वाक्य बोललो, मी 'दागिंग' खात नाही. शब्दकोशात दागिंग म्हणजे मांस. वाढप्याने मान डोलावली आणि कोंबडीचा रस्सा घातलेली नूडल्सची बशी आणून ठेवली. त्याची चूक नव्हती. हॉटेलात दागिंग म्हटलं की गोमांस. गोमांस न खाणारी माणसं इथे पुष्कळ, मग त्यांना कोंबडी द्यायची, हा रोजचा सरळ हिशोब. तसंच 'सायूर' म्हणजे भाजी. पण 'सायूर' मागितली म्हणजे त्यात मासळी नसेल असं कुणी गृहीत धरत नाही. नाशिककरकाकांच्या घरच्यांना जे निघालं ते 'इकान बिलिस', बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी सुकी मासळी. ती इथे चवीला घालतात, आपण भाजीत दाण्याचं कूट घालतो तितक्या सहज. आणि 'बलाचान' म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा. तो तर दिसतही नाही, वाटणात विरघळलेला असतो. इथली बहुतेक लाल चटणी, म्हणजे 'सांबाल', त्याच्याशिवाय होत नाही.

म्हणून एकेका गोष्टीचं नाव घेऊन नको म्हणायचं. 'नको'ला इथे म्हणतात 'ताक नाक'. आपलं ताक आणि आपलं नाक, अण्णा एका दिवसात पाठ करतील. ताक नाक आयाम (कोंबडी), ताक नाक दागिंग, ताक नाक इकान (मासा), ताक नाक उदांग (कोळंबी), ताक नाक तलूर (अंडं), ताक नाक सांबाल. पहिल्या दिवशी भावाने सोबत जावं, काउंटरवरच्या माणसाला आणि रोटी करणाऱ्याला अण्णांची ओळख करून द्यावी, आणि मलयमध्ये लिहिलेला कागद अण्णांच्या खिशात ठेवावा. वाढपी बरेचदा तमिळनाडूचे, बांगलादेशचे असतात, हिंदी कळणारा एक तरी निघतो. एसटीच्या माणसाला हिंदी येणारच. चौथ्या दिवशी कागद लागणार नाही, कारण ही माणसं चेहरा विसरत नाहीत. माझी आई दीड वर्षाने आली तरी तिला न विचारता अंड्याशिवायचं येतं.

मागवायचं काय? रोटी चनायचं नाव भावाने घेतलंय, ती आधी समजून घ्या. मैदा भरपूर तुपा-मार्गारिनमध्ये मळून त्याचे गोळे भिजत ठेवतात, मग हवेत फिरवून कापडासारखा पातळ करतात, घडी घालून तव्यावर टाकतात. साध्या रोटीला 'रोटी कोसोंग' म्हणायचं. कोसोंग म्हणजे रिकामी. पण काही ठिकाणी कणकेतच अंडं घालतात. हे हॉटेलागणिक बदलतं, त्यामुळे रोटी करणाऱ्याला कणकेकडे बोट दाखवून 'आदा तलूर?' असं विचारायचं. आदा म्हणजे आहे का. तो 'ताक आदा' म्हणाला तर निर्धास्त खा. 'आदा' म्हणाला तर 'चपाती' मागा. शब्द तोच, वस्तूही बऱ्यापैकी तीच, गव्हाची. किंवा 'तोसाय', म्हणजे डोसा. साखरेच्या दृष्टीनेही अण्णांना मैद्याच्या रोटीपेक्षा चपातीच बरी. रोटी आठवड्यातून एखाद्या दिवशी खाऊ द्या. ती कुरकुरीत असताना हाताने चुरगाळून खाण्यात जी मजा आहे तिच्यापासून त्यांना तोडू नका.

रोटी असो वा तोसाय, बरोबर काय येतं तिकडे लक्ष ठेवायला लागतं. न सांगता ते डाळीवर माशाच्या नाहीतर कोंबडीच्या रश्श्याचा एक डाव ओततात, लोकांना तशीच मिसळ आवडते. म्हणून 'दाल साजा, ताक नाक चांपूर'. फक्त डाळ, मिसळू नका. डाळ बटाटा-वांगं घातलेली, आपल्या आमटीच्या जवळची असते. डाळीत मासळी-मटणाचा काही अंश आहे का, हे भावाने पहिल्याच दिवशी एकदा विचारून घ्यावं. माझ्या गल्लीत दोन हॉटेलं आहेत, एकात डाळ निव्वळ असते आणि दुसऱ्यात नसते. तुमचं पहिल्यासारखं असेल तर प्रश्न मिटला.

तळलेल्या नूडल्स, 'मी गोरेंग' आणि 'मॅगी गोरेंग' (हो, आपली मॅगीच, भाजी-अंडं घालून परतलेली), या अण्णांसाठी सोडून द्या. त्यातल्या वाटणाची खात्री देणं कठीण.

चहा. 'तेह तारिक' म्हणजे ओढलेला चहा. व्हिडिओत पाहिलात तो माणूस एका मगातून दुसऱ्या मगात हातभर उंचीवरून चहा ओतत असतो, त्याने तो पिण्याइतका निवतो आणि वर फेस येतो. गोडवा कंडेन्स्ड मिल्कचा असतो आणि तो आपल्या बासुंदीच्या वळणाचा. 'कुरांग मानिस' म्हटलं तर गोड कमी करतात, तरी कंडेन्स्ड मिल्कमध्ये साखर असतेच, ती काढता येत नाही. अण्णांनी 'तेह सी कोसोंग' मागावा. त्यात बिनसाखरेचं आटवलेलं दूध असतं आणि वरून साखर नाही. कोरा हवा असेल तर 'तेह ओ कोसोंग'. आल्याचा हवा असेल तर 'हालिया' हा शब्द जोडायचा. इथे नुसतं 'तेह' म्हटलं की दुधाचा आणि गोडच येतो, हे ध्यानात असू द्या.

पैशांचं म्हणाल तर रिंगिट, म्हणजे इथला रुपया, आपल्या वीस रुपयांच्या थोडा वर धरा. साधी रोटी दीड-दोन रिंगिट, चहा दोन-अडीच. पाणीही मागवावं लागतं, 'आयेर सुआम' म्हणजे कोमट पाणी, त्याचे थोडे सेन, म्हणजे इथले पैसे, लावतात. टीप द्यायची पद्धत नाही. हात धुवायला बेसिन असतं, हातानेच जेवतात, उजव्या. काउंटरवर जाऊन काय खाल्लं ते सांगायचं, तो विश्वासाने आकडा सांगतो.

आणि दोन तासांचं. माझ्या चौदा वर्षांत मामकमध्ये कुणाला उठवलेलं मी पाहिलेलं नाही. एका ग्लासावर लोक अख्खी फुटबॉलची मॅच बघतात. अण्णांना खुशाल बसू द्या.

समुद्रापल्याड

मी पिनांगची, म्हणजे लग्न होऊन इथे आले त्याला आता नऊ वर्षं झाली. सुबांगकरदादांनी इतकं नीट लिहिलंय की मामकबद्दल मला फक्त एक भर घालायची आहे. खाली 'नासी कंदार' अशी पाटी असेल तर त्या काउंटरवरून अण्णांसाठी भात-भाजी घेऊ नका. कंदार म्हणजे खांद्यावरची कावड. पूर्वी आमच्या जॉर्जटाउनमध्ये गोदीच्या मजुरांना भात आणि रस्से कावडीतून नेऊन विकायचे, त्यावरून नाव पडलं. या भाताचा प्राणच पाच रस्से एकमेकांत ओतण्यात आहे. भेंडी दिसेल, तिला इथे 'बेंडी'च म्हणतात, कोबी दिसेल, मोह होईल. पण सगळ्यांचे डाव एकमेकांत फिरलेले असतात.

मला सांगायचंय ते दुसरंच. चिनी शाकाहारी हॉटेलं शोधा. आपली माणसं चिनी अक्षरं दिसली की पुढे निघून जातात आणि फार मोठ्या गोष्टीला मुकतात. बौद्ध मंडळींची ही दुकानं असतात, पाटीवर बरेचदा आपल्यासारखंच स्वस्तिक असतं, उलट्या दिशेचं. तिथे मांस-मासळी नाहीच, आणि कांदा-लसूणही नाही! बशी घेऊन स्वतः वाढून घ्यायचं, वीसेक प्रकार मांडलेले असतात, टोफू, दुधी, वांगं, मशरूम, पालेभाज्या. कोंबडी-माशासारखं दिसणारंही काहीतरी असतं, ते सोयाबीनचं आणि गव्हाच्या सत्त्वाचं असतं. माझ्या सासूबाईंना ते बघूनही नको वाटलं, त्या बाजूच्या भाज्या घेत. काही दुकानांत अंडं चालतं, तेवढं विचारा.

चिनी पंचांगाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या प्रतिपदेच्या आणि पौर्णिमेच्या आसपास, श्रद्धाळू लोक शाकाहार करतात, तेव्हा एरवी मांसाहारी असणारे काही गाडेही शाकाहारी जेवण लावतात. आणि त्यांच्या नवव्या महिन्यात नऊ सम्राट देवांचा नऊ दिवसांचा उत्सव असतो, गाड्यांवर पिवळे झेंडे लागतात, नऊ दिवस शाकाहार. बऱ्याच वर्षी तो आपल्या नवरात्रातच येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रस्त्यात उभी राहून रडले होते. घरी घट बसवला होता आणि बाहेर अख्खा रस्ता पिवळा. तुम्ही जुलैत येताय म्हणून हे दिसणार नाही, पण सांगितल्यावाचून राहवलं नाही.

कृष्णाकाठची

दोघांचे खूप आभार. 'ताक नाक' अण्णांना वाचून दाखवलं, लगेच पाठ झालं. आषाढीचं तेवढं राहिलं. त्या दिवशी ते चहा घेतात, पण बाहेर काही खायचं तर काय? एकट्याने घरात बसून साबुदाण्याची खिचडी खायला लावणं माझ्या जिवावर येतंय.

समुद्रापल्याड

ताई, साबुदाणा म्हणजे इथलाच हो. 'सागू' हा मलय शब्द. इकडच्या सागो ताडाच्या खोडातून सत्त्व काढतात त्याचं ते नाव. बोर्निओत, सारावाकच्या मुका भागात तर ते रोजचं अन्न आहे. आपल्याकडे सेलमला बनतो तो टॅपिओकाच्या कंदाचा, इथल्या दुकानांतही तो मिळतो, पाकिटावर पाहून घ्या. त्याचा इथला पदार्थ म्हणजे 'सागो गुला मलाका'. साबुदाणा भरपूर पाण्यात काचेसारखा होईपर्यंत शिजवायचा, गाळून गार पाण्याखाली धुवायचा, वाटीत थापून गार करायचा, वर नारळाचं घट्ट दूध चिमूटभर मीठ घालून आणि गुला मलाकाचा पाक. गुला मलाका हा माडाच्या रसाचा गूळ, गर्द तपकिरी, भाजल्यासारखा वास येतो. आणि हा 'गुला' शब्द संस्कृत 'गुड'वरून, म्हणजे आपल्या गुळाचाच भाऊ. अण्णांना साखर आहे म्हणून पाक चमचाभरच घाला, नारळाच्या दुधाची स्वतःची गोडी पुरते.

मामकमध्ये हा मिळेलच असं नाही. घरी करून डब्यात घालून द्या, तिथे चहा घेऊन बसू देत. बाहेरचं खाणं आणलेलं चालेल का, हे मात्र आधी विचारा.

अजून एक. उपवासाला मलयमध्ये 'पुआसा' म्हणतात, हा 'उपवास'च आहे, संस्कृतातून आलेला. पण अण्णांनी 'पुआसा' म्हटलं तर समोरचा समजेल की सूर्यास्तापर्यंत पाणीसुद्धा नको, आणि आदराने चहासुद्धा आणणार नाही. तेव्हा तो शब्द चहा आल्यावर वापरावा.

कृष्णाकाठची

काल परत आलो. बॅगा अजून उघडल्या नाहीत, पण आधी इथे लिहायला बसले, कारण तुम्ही दोघांनी नुसती माहिती दिली नाही, आमचा महिना सावरलात.

पहिल्या दिवशी भाऊ बरोबर आला. त्याने काउंटरवर सगळं सांगितलं. डाळ निव्वळ निघाली, रोटीच्या कणकेत मात्र अंडं होतं. त्यामुळे अण्णांची चपाती ठरली, दोन चपात्या, डाळ, आणि तेह सी कोसोंग. अण्णा पहिले दोन दिवस सारखे मागे वळून बघत होते. मला कळेना. मग लक्षात आलं, दर मिनिटाला कुणीतरी 'अण्णे, अण्णे' अशी हाक मारत होतं! "इथं सगळेच अण्णा आहेत," ते भावाला म्हणाले. पाचव्या दिवशी वाढपी मुलगा त्यांनाच 'अण्णे' म्हणायला लागला आणि त्यांनी ते मान्य करून टाकलं.

तो मुलगा बांगलादेशचा, बाविशीचा असेल. मोडक्या हिंदीत दोघांचं चालायचं. त्याचे वडीलही बस चालवतात, ढाक्याला. मग काय विचारता. घाटात गिअर कुठला, पावसात ब्रेक कसा दाबायचा, सगळं टेबलावर मिठाची डबी आणि ग्लास सरकवून समजावणं चालू. आठवडाभरात एक चिनी आजोबा त्यांच्या टेबलावर बसायला लागले. एकही शब्द एकमेकांना कळत नव्हता. आजोबा आपला चिनी पेपर वाचायचे, अण्णा मोबाइलवर आपला. मधूनच आजोबा एखादा फोटो दाखवायचे, पूर नाहीतर अपघात, आणि दोघं मान हलवायचे. मी एकदा लांबून बराच वेळ बघत उभी होते.

आषाढीला वहिनीने रजा काढून सागो गुला मलाका केला. हॉटेलवाल्यांनी डबा आणायला आनंदाने हो म्हटलं. अण्णांनी डबा उघडला, मनात पांडुरंगाचं नाव घेतलं, आणि चिनी आजोबांपुढे आधी सरकवला. आजोबांनी दोन चमचे घेतले आणि अंगठा वर केला. मग अण्णांनी खाल्लं. सगळं. डबा पुसून घरी आणला. आई असताना एकादशीला ते असंच तिच्यापुढे आधी ताट सरकवायचे.

पिनांगच्या ताई, चिनी शाकाहारी हॉटेल भावाच्या घरापासून दोन स्टेशनांवर सापडलं. तीनदा गेलो. अण्णांना तिथला वाफवलेला टोफू खूप आवडला, "पनीरपेक्षा हलकं" म्हणाले. आणि नाशिककरकाका, ब्रिकफील्ड्सलाही गेलो बरं का. केळीच्या पानावर तीन भाज्या, भात, रसम, ताक. जेवण झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं असतं, म्हणजे जेवण आवडलं, असं शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी दाखवलं. अण्णांनी आमचीही पानं दुमडून ठेवली.

निघायच्या आदल्या दिवशी त्या मुलाने चहाचे पैसे घेतले नाहीत. अण्णांनी त्याला स्वतःचा मफलर दिला. तिथल्या उकाड्यात मफलर कशाला, असं मी म्हणत होते, पण त्याने तो लगेच गळ्यात घातला.

आता एक शेवटचं विचारते. आज सकाळी सहाला अण्णा स्टँडसमोर गेले, आणि साडेसहाला परत येऊन म्हणाले, "इथला चहा ओढलेला नाही." घरी तेह सी करायचा तर प्रमाण काय? आपल्याकडे तसलं बिनसाखरेचं आटवलेलं दूध इथल्या दुकानात मिळालं नाही.

सुबांगकर

ताई, वाचून किती बरं वाटलं ते कसं सांगू. ऑफिसमधून निघताना वाचलं, पुढची गाडी सोडून दिली आणि बाकावर बसून परत वाचलं.

दूध घरीच आटवा. अर्धा लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर, मधून मधून ढवळत, निम्म्याच्याही थोडं खाली येईपर्यंत. साय वर धरू द्यायची नाही. गाळून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं. चहासाठी दीड कप पाण्याला दोन सपाट चमचे पूड, पत्ती नाही, बारीक पूडच. पाच मिनिटं मंद उकळी, मग झाकून तीन मिनिटं. फडक्यातून गाळा. कपाला चार चमचे आटवलेलं दूध. साखर नाही.

मग दोन स्टीलचे मग घ्या, दांड्याचे. पहिले काही दिवस मोरीत उभं राहून ओढा, कारण निम्मा चहा खाली जातो. सहा-सात वेळा ओतलं की फेस धरतो. वरचा हात हलवू नका, खालचा मग हळूहळू खाली न्यायचा, युक्ती तेवढीच आहे. अण्णांना करू द्या. त्यांनी महिनाभर रोज सकाळी समोर बसून पाहिलंय, त्यांचा हात तुमच्याआधी बसेल.